डॉक्टरला अपील आहे, रुग्णाला नाही

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा एमबीबीएस डॉक्टर. हे आधीच सांगतो, कारण पुढची मागणी रुग्णांच्या बाजूची आहे आणि माझ्या काही व्यवसायबंधूंना ती रुचणार नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ मधले कलम ३० कृपया एकदा नजरेखालून घालावे. डॉक्टरविरुद्धची तक्रार आधी राज्याच्या वैद्यक परिषदेकडे जाते. परिषदेने कारवाई केली, तर डॉक्टरला आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे अपील करता येते. तिथेही हरला, तर थेट आयोगाकडे दुसरे अपील. तक्रारदाराला यातले काहीच नाही. 'डॉक्टर निर्दोष' म्हणून परिषदेने फाईल बंद केली की संपले. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते म्हणे! उपचाराच्या बिलापायी शेत गहाण टाकलेल्या कुटुंबाला हा सल्ला देणे ही थट्टा आहे.

आयोगाच्या आधी देशपातळीवर असलेल्या जुन्या मेडिकल कौन्सिलच्या काळात तक्रारदाराला तिच्याकडे ६० दिवसांत अपील करता येत असे. ती कौन्सिल भ्रष्टाचारापायी बदनाम झाली, संसदेच्या स्थायी समितीने २०१६ मध्ये तिच्यावर ताशेरे ओढले, म्हणून आयोग आला. आल्याबरोबर रुग्णाचा हा हक्क मात्र गेला. गंमत अशी की, आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेली नवी आचारसंहिता तीन आठवड्यांत स्थगित झाली आणि जुन्या कौन्सिलचे २००२ चेच आचारनियम पुन्हा लागू झाले. त्यात अपिलाची ही तरतूद आहे. तरीही आयोगाने कलम ३० दाखवून रुग्णांची अपिले परत पाठवली आहेत.

परिषदेचा निर्णय चुकूच शकत नाही, असे तर कुणी म्हणणार नाही. अनुराधा साहा यांच्यावर १९९८ मध्ये कोलकात्यात उपचार झाले, पुढे मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. पश्चिम बंगालच्या परिषदेने डॉक्टरांना निर्दोष ठरवले. त्याच उपचारांत निष्काळजीपणा झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आणि २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई दिली. पती स्वतः अमेरिकेत डॉक्टर होते, म्हणून एवढी वर्षे लढू शकले.

ग्राहक आयोग पैसे देतो, फौजदारी न्यायालय शिक्षा करते. 'या माणसाने प्रॅक्टिस करावी का' हा प्रश्न परिषदेच्या अखत्यारीतला, आणि तो डॉक्टरांनीच सोडवावा असे मलाही वाटते. गुंतागुंत कुठली आणि हलगर्जीपणा कुठला, हे वकिलापेक्षा आम्हाला जास्त कळते. पण आपल्या माणसांचा न्याय आपणच करायचा, तर तो वर तपासला जायला हवा. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये निम्मे सदस्य डॉक्टर नसतात. आपल्या ३३ जणांच्या आयोगात कायदा, वैद्यकीय नीती, व्यवस्थापन, रुग्णहक्क अशा सगळ्या क्षेत्रांना मिळून जागा तीन.

यात आम्हा डॉक्टरांचाही स्वार्थ आहे. दाद मागायला जागा उरली नाही की लोक पोलीस ठाण्यात जातात, नाहीतर दवाखान्याच्या काचा फोडतात. महाराष्ट्रात २०१० पासून हल्लाविरोधी कायदा आहे. नुसत्या त्याच्या भरवशावर रात्रीची डिलिव्हरी घेताना धीर येत नाही. शिवाय वरच्या मंडळानेही निर्दोष म्हटलेला डॉक्टर गावात ताठ मानेने फिरू शकतो.

आपल्या मंत्रालयाने २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीचा मसुदा काढला होता आणि त्यात रुग्णांना व नातेवाइकांना अपिलाचा हक्क देऊ केला होता. तो आता संसदेत मांडावा. आणखी एक. मुदत ६० दिवसांचीच ठेवावी, पण ती कारणांसह दिलेल्या निकालाची प्रत तक्रारदाराच्या हाती पडल्या दिवसापासून मोजावी. तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय द्यावा, हा २००२ चाच नियम. तो न पाळणाऱ्या परिषदेकडून तक्रार थेट आयोगाकडे नेण्याची मुभाही त्याच दुरुस्तीत असावी.

आपला,
एक नोंदणीकृत डॉक्टर