यवतमाळच्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टर ताईंना, एका अंगणवाडी बाईकडून

डॉक्टर ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. मागच्या वेळी तुम्हीच हसत म्हणाल्या होत्या, "काकू, माझी जाहिरात नका करू, गर्दी झाली तर नीट वेळ देता येणार नाही." ठीक आहे, नाही करत. पण आभार तर मानू द्याल की नाही?

मी दारव्हा तालुक्यातली अंगणवाडी सेविका. घरी तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. मागच्या वेचणीच्या दिवसांत उजवा खांदा दुखायला लागला. वाटलं, ओटी बांधून दिवसभर वाकल्यानं असेल, संक्रांतीपर्यंत आपसूक जाईल. संक्रांत गेली, दुखणं राहिलं. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मग हातच वर जाईना. लेकरांच्या वजनाचा काटा अडकवायला मदतनीस बाईला हाक मारावी लागे. हात पाठीमागं गेला नाही की बाईमाणसाचं काय काय अडतं, ते बायांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून कळत नाही.

तुमच्या आधी जे भेटले त्यांच्याबद्दलही थोडं लिहिते, मनात ठेवून काय करू? पहिल्यानं एकानं "शीर चढली" म्हणून तेल लावून असा हिसडा दिला की डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यानंतर जो हात खांद्याएवढा तरी उचलत होता, तोही उचलेना. मग मोठ्या पाटीचा दवाखाना. तिथं एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, "हाडं चांगली आहेत, वयाचं दुखणं आहे" म्हणाले आणि खांद्यात स्टेरॉइडची सुई दिली. माझ्या खांद्याला हात लावून पाहिला नाही. शुगर आहे का, हे विचारलं नाही. सुरुवातीच्या दुखण्यात अशी सुई चुकीची नसते, पण ती घेतल्यावर काही दिवस शुगर वाढू शकते म्हणून आधी विचारायला हवं, हे मला तुमच्याकडून कळलं. तेही तुम्ही त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द न काढता सांगितलंत. मी तुमच्याएवढी भली नाही, मी बोलणार.

तिसरीकडं तर दहा दिवसांचं पॅकेज होतं. एक पोरगा यायचा, खांद्याला गाद्या चिकटवायचा, बटण दाबायचा आणि मोबाइल घेऊन बसायचा. यंत्र वाजलं की उठा, पुढची बाई. हीच फिजिओथेरपी असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून नणंदेच्या लेकीनं तुमचं नाव काढलं तेव्हा मी साफ नाही म्हटलं. आमच्या जाऊबाईंनी तर वरून टोला हाणला, "मालिशवालीकडं काय जाते वं एवढ्या दूर?" चार वर्षांहून जास्त शिक्षण आहे हे, पण गावात सांगून पटत नाही. भाची हट्टाला पेटली, "मामी, एकदा चाल तं खरी." गेले. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच धीर.

तुम्ही रिपोर्टची पिशवी बाजूला ठेवलीत आणि आधी विचारलंत की मी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करते. मग माझं कोपर कमरेशी धरून हात बाहेरच्या बाजूला वळवून पाहिलात. माझ्यानं वळेना, तुम्ही वळवला तरी वळेना. तुम्ही म्हणालात, "काकू, हा फ्रोझन शोल्डर आहे. सुती ब्लाऊज पहिल्या धुण्यात आटतो ना, तसं सांध्याभोवतीचं आवरण आटलंय. हाडात काही नाही, म्हणून एक्स-रेत दिसत नाही." वेचणीनं झालं का, विचारलं तर म्हणालात, तसं म्हणता येत नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो, बायांना जास्त, आणि शुगर असली तर फारच जास्त. तिथल्या तिथं चिठ्ठी लिहून दिलीत. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.६ आला. ६.५ किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह. खांदा दुखला नसता तर मला पत्ता लागला नसता. आता गोळ्या चालू आहेत.

किती दिवसांत बरं होईल, असं विचारलं. बाकी सगळ्यांनी आठ-दहा दिवस सांगितले होते. तुम्ही म्हणालात, "खोटं नाही सांगत. आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. महिने लागतील, कुणाकुणाला वर्ष-दोन वर्षंही लागतात." ऐकून रडू आलं, पण बरंही वाटलं. निदान कुणीतरी खरं बोललं.

आणि मग ती वेणी.

मी निघायला उठले तर तुम्ही मागून विचारलंत, "काकू, केस कोण बांधून देतं?" माझी लेक लग्न होऊन अमरावतीला. म्हटलं, आमचे हे रबर लावून देतात. हे बिचारे जे करतात त्याला केस बांधणं म्हणावं का, ते तुम्ही पाहतच होत्या. तुम्ही हसला नाहीत. पर्समधून कंगवा काढलात, मला परत स्टुलावर बसवलंत आणि गुंता सोडवायला लागलात. बाहेर पेशंट बसले होते. तुम्ही घाई केली नाहीत, ओढलंही नाही. घट्ट तिपेडी वेणी घालून दिलीत. कित्येक महिन्यांत माझ्या डोक्याला बाईमाणसाचा हात लागला नव्हता. माय गेल्यावर तर कुणी असं बसवून वेणी घातलीच नव्हती. मी काही बोलले नाही, बोलले असते तर हुंदका आला असता. मग माझ्या कागदावर, जिथं हात किती अंश उचलतो ते आकडे लिहिले होते, त्याखाली तुम्ही मराठीत लिहिलंत: स्वतःची वेणी स्वतः घालणे. म्हणालात, "आपल्याला इथपर्यंत जायचंय, आकड्यांचं मी बघते."

याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, घेणारही नव्हत्या. पण मला वाटतं, त्या दिवशी माझा अर्धा इलाज त्या कंगव्यानं झाला.

रोज यायला सांगितलं असतं तर मी चौथ्या दिवशी सोडून दिलं असतं. तुम्ही आठवड्यातून एकदा बोलावलंत आणि बाकीचं घरच्या सामानावर बसवून दिलंत. टेबलावर डावा हात टेकून उजवा लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. तुराटीची काडी दोन्ही हातांत धरून दुखरा हात बाहेर ढकलायचा. यांचा दुपट्टा पाठीमागून ओढायचा. ताण आला तर चालेल, पण रात्रीची झोप उडाली तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, हे तुमचं वाक्य मी अंगणवाडीच्या वहीत लिहून ठेवलंय. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मी अंगणवाडीतच करते. लेकरंही शेजारी उभी राहून बोटं चढवतात. बोटं कुठवर पोचली त्याच्या पेन्सिलीच्या खुणा भिंतीवर इतक्या झाल्या की पर्यवेक्षिका बाईंनी विचारलं, ही कशाची नोंद?

माणसाला विचारणं, त्याला हात लावून पाहणं, खरं सांगणं. याला यंत्र लागत नाही, पॅकेज लागत नाही. आम्ही खेड्यातले लोक दवाखान्यात गेलो की आधीच अर्धे वाकलेले असतो. त्यात समोरच्यानं मान वर करून पाहिलंही नाही, की दुखणं सांगायचीच लाज वाटते. मीही आता लेकरू घेऊन येणाऱ्या बाईला रजिस्टर उघडायच्या आधी विचारते, जेवली का वं?

तर, पोळ्याला माझी वेणी मीच घातली. वाकडी आली, शेवटचा पेड सुटलाच, पण घातली. काट्यालाही हात पोचतो. पाठीमागं अजून पूर्ण जात नाही, ते तुम्ही सांगितलंच होतं.

येत्या मंगळवारी आमच्या बीटमधल्या एक सेविका माझ्यासोबत येतील. गुडघे धरलेत. व्यायाम केला की गुडघा आणखी झिजतो, असं त्यांना कुणीतरी भरवलंय, म्हणून चालणंही सोडून बसल्यात. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो, हे मी सांगून थकले. माझं ऐकत नाहीत, तुम्हीच सांगा. आणि बोलतात फार, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
उजव्या खांद्यावाली काकू