नाना, त्या लाल दोरीबद्दल

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांत ठिबक सांभाळणारे आम्ही सगळे, मालक आणि सालदार दोघंही, मिळून हे पत्र लिहितोय. विसरण्यावर तुम्ही जो इलाज शिकवलात, त्याचे आभार तोंडी मानून आमचं समाधान होत नव्हतं.

"लक्ष कुठं होतं तुझं?" हा प्रश्न शिवारात रोज ऐकू येतो. तुम्ही तो कुणालाच विचारला नाहीत. नेमकं काय विसरलं जातं, ते उभं राहून पाहिलंत. खत सोडायचं काम तीन टप्प्यांचं. आधी १० मिनिटं साधं पाणी, मग खताचं, शेवटी पुन्हा १५ मिनिटं साधं. विसरतो तो हा शेवटचा टप्पा. ड्रम रिकामा झाला की मनाच्या लेखी काम संपलेलं असतं. मग ते केळीच्या भावात नाहीतर पोरीच्या लग्नात गुंततं. बरीच एटीएम आधी कार्ड परत देतात आणि मग पैसे, ते याचसाठी, हे उदाहरण तुमचंच. इकडे खताचं पाणी नळ्यांत तसंच राहतं, क्षार धरतात, ड्रिपर बुजतात. मे महिन्यात कोणती झाडं तहानेली राहिली, हे पानं करपल्यावरच कळतं.

तुम्ही सांगितलंत, ड्रममध्ये खत ओतलं की मोटरसायकलची किल्ली व्हेंचुरीच्या, म्हणजे ड्रममधलं खत पाण्यात ओढणाऱ्या नळीच्या, व्हॉल्व्हला टांगा आणि शेवटचं साधं पाणी झाल्याशिवाय काढू नका. घरी जायला किल्ली लागतेच! मोबाइलचा गजर मात्र वाजतो तेव्हा माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला असतो. "जातो दोन मिनिटांत" म्हणत तो बंद करतो आणि पुन्हा विसरतो.

आणि ती लाल दोरी. शेतात एकच, चालू व्हॉल्व्हला बांधलेली. व्हॉल्व्ह बदलताना मोठ्यानं म्हणायचं, "सहा उघडला, पाच बंद." क्रमही हाच, कारण आधी पाच बंद केला तर दाब चढून पाइपाचा जोड निसटतो. मध्येच फोन वाजला तर वाजू द्यायचा. घेतलाच, तर मागच्या व्हॉल्व्हपासून पुन्हा बघत यायचं. वीज गेली तर स्टार्टरच्या पेटीवर खडूनं टप्पा आणि वेळ लिहायची. खताची रिकामी पिशवी ड्रमपाशीच दगडाखाली ठेवायची, नाहीतर आत काय पडलंय ते विसरून १२:६१:० या स्फुरदाच्या खतावर कॅल्शियम नायट्रेट ओतलं जातं आणि पांढरा गाळ धरतो.

रात्रीच्या विजेचा आठवडा असला की झोप मोडलेल्या माणसाकडे खताचं काम द्यायचं नाही, हा तुमचा आग्रह आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. तसंच रोजची पायवाट चुकू लागलेल्या म्हाताऱ्यांना "वय झालं" म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे नेऊन बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्यायला लावलंत, त्याबद्दल घराघरांतून तुम्हाला दुवा मिळतो.

कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरतानाच्या केळीची, लागवड आटोपली की या. दोरी उन्हानं विटली आहे. नवी तुमच्याच हातून बांधायची आहे. भरीत आणि कळण्याची भाकर शेतातच करू.

आपले,
केळीबागेतले ठिबकवाले