नावं विचारायची राहिली, पण मनापासून आभार

बाबांच्या म्युझिक स्ट्रीमरचा (वायफायवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्राचा) दिवा हिरवा, वायफाय जोडलेलं, तरी मोबाइलच्या यादीत तो दिसेचना. आठवडाभर घरात नाट्यसंगीत बंद. मदतीला आलेले तुम्ही मात्र रात्री साडेअकरापर्यंत माझ्यासोबत चिकाटीने शोधत राहिलात. आधी लॅपटॉपवरून पिंग करायला, म्हणजे हाक देऊन स्ट्रीमर उत्तर देतो का ते पाहायला लावलंत. उत्तर आलं, म्हणजे यंत्र नेटवर्कवर होतं. मग समजावलंत, की स्ट्रीमर आपली ओळख २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर (एकाच वेळी नेटवर्कवरच्या अनेक उपकरणांना हाक पोचवणाऱ्या पत्त्यावर), ५३५३ पोर्टवरून देतो. मोबाइल गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) असला तर ती हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. अगदी तसंच होतं! मुख्य वायफायवर येताच यादीत ‘हॉल’ हे स्ट्रीमरचं नाव उमटलं. सकाळी बाबा खुर्ची ओढून बसले, नाट्यपद लागलं आणि त्यांची बोटं मांडीवर ताल धरू लागली. हे तुमच्यामुळे झालं.