दुसऱ्याच दिवशी टायफॉइड कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाल्यापासून आपल्या दैनिकात गावोगावच्या टायफॉइडच्या साथीच्या बातम्या येत आहेत. मी जिल्ह्यात आरोग्यसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्या अनुभवावरून काही लिहावेसे वाटले.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याचा मुलगा तापाने फणफणला. दुसऱ्या दिवशी त्याला तालुक्याच्या गावी नेले. तासाभरात विडाल या रक्तचाचणीचा रिपोर्ट हातात, 'टायफॉइड पॉझिटिव्ह', आणि लगेच सलाईन. पोर बरे झाले, देवाची कृपा. पण विडालमध्ये जी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शोधतात ती रक्तात यायला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी दिसली ती बहुधा जुनी असणार. मलेरियासारख्या तापातही ही चाचणी फसवते. खात्री होते ती रक्ताच्या कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहिल्याने, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतले तर. कल्चरमधूनही बरेच रुग्ण निसटतात हे खरे, पण जंतू सापडला तर कोणते औषध लागू पडेल तेही समजते. सिप्रोसारख्या गोळ्यांना हा जंतू आता फारसा दाद देत नाही, त्यामुळे ते समजायलाच हवे.

2017 ते 2020 या काळात देशात चार ठिकाणी मुलांच्या तापाचा असा कल्चर करून अभ्यास झाला. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर या तीन शहरांत दर लाख मुलांमागे वर्षाला 576 ते 1173 रुग्ण निघाले. आमच्याच पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात निघाले 35. एवढ्यावरून खेड्यांत टायफॉइड नाही असे मी म्हणणार नाही, एकाच भागातली मुले होती ती. पण लॅबचे रिपोर्ट खरे मानले तर आमच्याकडे घरटी एक रुग्ण निघेल. आणि सरसकट सगळ्या तापांना टायफॉइड म्हटले की खरा टायफॉइड कुठून आला हे बघायला कुणीच जात नाही.

तो येतो पाण्यातून. नोकरीत असताना एका वस्तीवर आठवड्यात नऊ जण तापाने पडले होते. नळाची पाइपलाइन गटारातून गेलेली, सांध्यावर चिंधी गुंडाळलेली. वीज गेली, पंप बंद पडला की गटाराचे पाणी त्या सांध्यातून आत. मी नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले, पिवळा रंग काही येईना, म्हणजे पाण्यात क्लोरीनच नाही. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणारा गावचा जलसुरक्षक काकुळतीने म्हणाला, "अण्णा, टीसीएल रोज टाकतो हो!" मग त्याने पंचायतीची मागची खोली उघडून दाखवली. पोत्याचे तोंड उघडे, आतल्या पावडरीचे ओले ढेकूळ, क्लोरीनचा वास नावालाही नाही. तो खोटे बोलत नव्हता. टाकत रोज होता, पण पावडरच मेलेली होती. ओल लागली की टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

बरे झालेल्यांपैकी काही जण पुढे महिनोन्महिने शौचावाटे जंतू टाकत राहतात, त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. लग्नाच्या पंगतीचे आचारी किंवा शाळेत खिचडी करणाऱ्या ताई यांच्यापाशी साबण आणि पाणी हवेच, ते याचसाठी.

नवी मुंबईत 2018 मध्ये महापालिकेने मुलांना टायफॉइडची नवी लस मोफत दिली. खेड्यांतल्या पोरांनाही ती हवी, असे माझे मत आहे. पण कोणत्या तालुक्यात आधी द्यायची हे ठरवायला खरे आकडे लागतील, आणि ते विडालमधून मिळणार नाहीत. किमान ग्रामीण रुग्णालयात तरी कल्चरसाठी रक्त घेऊन ते जिल्ह्याला पाठवायची सोय व्हावी.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. यापुढे साथीची बातमी देताना किती जणांचे कल्चर झाले आणि त्या गावात ओटी तपासणी शेवटची कधी झाली, हे दोन प्रश्न तेवढे विचारावेत.

आपला,
एक निवृत्त आरोग्यसेवक, जि. पुणे