गाडी ट्यूबलाइटखाली बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅम्बोर्गिनी या इटालियन कंपनीची टेमेरारिओ गाडी दिसायला कशी आहे आणि तिला सहा कोटी का मोजावेत, यावर आपल्या वाचकांचा जो वाद चालला आहे, तो मी पहिल्या पत्रापासून वाचतो आहे. कुणाला तिचं तोंड मवाळ वाटतं, कुणाला मागचा बंपर अर्ध्यात कापल्यासारखा. नेरुळच्या एका वाचकाने तर लिहिलं की एवढे पैसे घेता, तर गाडी अर्ध्या मैलावरून ओळखू यायला पाहिजे. मलाही चार शब्द बोलायचे आहेत. वागळे इस्टेटमध्ये माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. १९८३ साली, पंधराव्या वर्षी, कुर्ल्यात एका उस्तादांकडे हातोडी हातात घेतली, ती अजून खाली ठेवलेली नाही.

पत्रं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ही गाडी जवळून पाहिली आहे, हा माझा पहिला प्रश्न आहे. मी पाहिली. घोडबंदर रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये गिऱ्हाइकाची होंडा सिटी पोचवायला गेलो होतो. खालच्या पार्किंगमध्ये, खांबाला लागून, गडद करड्या रंगाची टेमेरारिओ उभी. गाड्या पुसणाऱ्या मुलाला विचारलं, बघू का? तो म्हणाला, "बघा काका, फक्त हात नका लावू." दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि बघत राहिलो. तिथे डोक्यावर ट्यूबलाइटच्या तीन रांगा होत्या, म्हणजे मला पाहिजे होतं तेच.

आमच्या धंद्यात गाडी उजेडात बघत नाहीत, उजेडाची रेघ बघतात. दरवाजा ठोकून सरळ केला, पुटी भरली, प्रायमर मारला, वॉटरपेपरने घासला, की पाणी मारून तो ट्यूबलाइटखाली न्यायचा. ओल्या पत्र्यावर ट्यूबची पांढरी रेघ पडते. मग पुढून मागे सावकाश चालत जायचं. आपण चालतो तशी रेघही चालते. पत्रा साफ असेल तर ती पाण्यासारखी वाहते. कुठे लहर राहिली असेल तर तिथे थरथरते, मोडते. समोरून बघून अर्धा मिलिमीटरचा खड्डा कुणालाच दिसत नाही, पण रेघ तो दाखवते. माझे उस्ताद त्याच्याही पुढे जायचे. हातावर पातळ सुती फडकं टाकायचे, डोळे मिटायचे आणि तळवा पत्र्यावरून फिरवायचे. उघड्या हातापेक्षा फडक्यातून जास्त कळतं. मी आजही तसंच करतो.

त्या पार्किंगमध्ये टेमेरारिओच्या अंगावर ट्यूबच्या तीन रेघा पडल्या होत्या. पुढच्या मडगार्डावर त्या एकमेकींना समांतर होत्या. दरवाज्यावर आल्या तशा खाली झुकल्या, मधोमध आत वळल्या आणि इंजिनाला हवा देणाऱ्या भोकाच्या काळोखात एकेक करून बुडाल्या. वरची एक मात्र बुडाली नाही. ती मागच्या चाकावरच्या फुगीर भागावर चढली, तिथे जाड झाली आणि शेपटाकडे जाऊन सुईसारखी बारीक होत संपली. मी चार वेळा पुढून मागे चाललो. एवढी वळणं, पण रेघ कुठेही अडखळली नाही. फोटोत हीच बाजू सपाट दिसते. आपल्या अंकात छापलेल्या फोटोतही सपाटच दिसली होती. तेव्हा ज्यांनी फोटो पाहून "काही दम नाही" असं लिहिलं, त्यांना दोष देणार नाही, पण त्यांचं मत अजून बनायचं आहे असं मला वाटतं.

आता एकेक आक्षेप. मागचं चाक उघडं दिसतं, बंपर कापल्यासारखा वाटतो, हे खरं आहे. ते मुद्दाम केलेलं आहे. मोटारसायकलचं मागचं चाक जसं उघडं दिसतं, तसा रुंद टायर मागून दिसावा, ही कल्पना. मला ती आवडली, गाडी जमिनीला धरून बसल्यासारखी वाटते. पुढच्या दिव्यांखालचे षटकोन म्हणजे नुसता शृंगार, असं एकाने लिहिलं. जवळ वाकून बघा. दिव्याच्या कडेच्या आत हवेला वाट काढलेली आहे. आणि षटकोन काही काल आलेला नाही. लॅम्बोर्गिनीच्याच १९६७ च्या मार्झाल गाडीचा फोटो शोधून बघा, मागच्या काचेच्या जागची अख्खी जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आहे. छत फुगल्यासारखं वाटतं, असं माझ्या शेजारच्या गॅरेजमधली पोरं म्हणतात. कंपनीच्या आधीच्या हुराकान गाडीपेक्षा डोक्यावर ३४ मिलिमीटर जागा वाढवली आहे, हेल्मेट घातलेला उंच माणूस आत बसावा म्हणून. सव्वा इंचापेक्षा थोडं जास्त. तेवढ्याने गाडीची पाठ बदलते हे मान्य, पण मला ती बिघडलेली दिसली नाही.

मला जे आवडलं नाही तेही लिहितो. मागची बाजू. दिवे षटकोनी, धुराचं नळकांडं षटकोनी, त्यात जाळ्या, काळे तुकडे, खाली पंखांच्या पट्ट्या. तिथे रेघ दोन वीतही सलग चालत नाही. बाजूने एवढं सुंदर चालत आलेलं काम मागे आल्यावर घाईत सोडल्यासारखं वाटतं. त्या मुलालाही मी तेच सांगितलं.

इंजिनावर बरीच पत्रं आली. दहा सिलिंडरचं गेलं आणि आठ सिलिंडरचं टर्बोवालं आलं, वर तीन विजेच्या मोटारी. मिनिटाला १०,००० फेरे आणि सगळं मिळून ९२० अश्वशक्ती. ते माझं क्षेत्र नाही, त्यावर जाणकारांनी बोलावं.

इटालियन गाडी म्हटली की आपल्याकडे लोकांना ती कुठल्या तरी दुसऱ्या जगातली वाटते. माझा हात तर इटालियन गाडीवरच बसला. पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डिलाइट, आमच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. तिच्या मागच्या मडगार्डावर एक बारीक धार होती, शेपटीकडे जाताना किंचित वर उचललेली. टॅक्सीला मागून कुणी ठोकलं की पहिली तीच बसायची. ती धार परत काढायला आतून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरायची आणि बाहेरून हलक्या हाताने, अगदी टिचकी मारल्यासारखे ठोके द्यायचे. जोरात मारलं की धार गोल होते, मग पुटी कितीही भरा, ती परत येत नाही. पहिलं वर्षभर मी फक्त तेवढंच शिकलो. तिला पद्मिनी हे नाव मिळालं ते १९७४ साली. त्याच साली तिकडे इटलीत, सांतआगाता बोलोनीज गावात, लॅम्बोर्गिनीने काउंटॅच ही गाडी विकायला काढली. सुरुवातीच्या काउंटॅचचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तिथल्या कारागिरांनी हाताने ठोकून बसवलेला आहे. हे मला कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. जगातली सगळ्यात वेडी गाडी आणि आमची टॅक्सी, दोन्हींना एकच हत्यार लागत होतं. काउंटॅचचा आकार काढणारे मार्चेल्लो गांदिनी मार्च २०२४ मध्ये वारले, ८५ वर्षांचे होऊन. टेमेरारिओ त्यानंतर पाच महिन्यांनी जगापुढे आली. पद्मिनी टॅक्सी त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली.

आता किंमत. माझं म्हणणं असं आहे की किमतीने लोकांची नजर खराब केली आहे. सहा कोटींचा आकडा आधी कानावर पडतो आणि मग माणूस गाडीकडे सहा कोटींचा तमाशा मागतो. जिथे गाडी शांत आहे तिथे त्याला फसवल्यासारखं वाटतं. पण ते सहा कोटी आकार काढणाऱ्याने ठरवलेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये टेमेरारिओ भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत सहा कोटी होती, आणि अशा तयार होऊन येणाऱ्या महाग गाडीवरचं आयात शुल्क सगळं धरून ११० टक्के. म्हणजे बंदरात शंभर रुपयांचा माल उतरला की तो दोनशे दहाचा झाला. त्या दोनशे दहावर पुढे तेव्हा जीएसटी आणि सेस, म्हणजे उपकर, लागायचा. हुराकान २०१४ मध्ये ३ कोटी ४३ लाखांना आली होती, आता सहा, हा कसला न्याय, असं ऐरोलीच्या वाचकाने विचारलं आहे. तेव्हा युरो ८० रुपयांच्या आसपास होता, एप्रिल २०२५ ला ९५ च्या आसपास. उरलेल्या वाढीत नवं इंजिन, नवा सांगाडा आणि कंपनीचा नफा. यातलं काय ते भांडायचं असेल तर भांडावं, पण दरवाज्याच्या वळणावर त्याचा राग काढू नये.

किमतीचंच बोलायचं तर मला एक गोष्ट खरोखर सलते आणि ती आपल्या राज्याची आहे. माझा गिऱ्हाईक आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतो, तेव्हा ११ टक्के वाहनकर, म्हणजे ८८ हजार रुपये मुकाट्याने भरतो. आयात गाडीला दर २० टक्के आहे. सहा कोटींवर तो एक कोटी २० लाख व्हायला हवा. पण कराला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. सहा कोटींचे ३० लाख म्हणजे ५ टक्के. पैपै साठवून पहिली गाडी घेणारा ११ टक्के आणि टेमेरारिओवाला ५. मर्यादा काढली तर ही मंडळी दुसऱ्या राज्याची पाटी लावून आणतील, असं मला एका एजंटाने सांगितलं. आणत असतील. त्यावर तपासणी हा उपाय आहे, सूट हा नव्हे.

हे मी का लिहितो, तर त्या दिवशी पुढे काय झालं ते सांगतो. मालक खाली आले, साधा तरुण माणूस, मला बघून हसले. गाडी सुरू झाली ती विजेवर, आवाजच नाही. चढणीवर येताना पुढचं तोंड जरासं वर उचललं गेलं, तशी सोय तिच्यात आहे. गेटवरचा स्पीडब्रेकर तिने तिरका करून, एकेक चाक चढवत ओलांडला. मग सर्व्हिस रोड. पावसाने उघडा पडलेला, खडी बाहेर आलेला. त्या खड्ड्यांतून गाडी माणसाच्या चालीने निघाली, मागे टीएमटीची बस हॉर्न देत. ताशी ३४० किलोमीटरच्या वर धावणारी गाडी. दर पावसाळ्यात याच रस्त्यावरून माझ्याकडे फुटलेले बंपर आणि वाकलेल्या खालच्या पट्ट्या येतात, आठ लाखांच्या गाड्यांच्या. माझा धंदा त्यावर चालतो, तरी मला ते बघवत नाही. कर सगळ्यांनी सारख्या हिशेबाने भरावा आणि तो या डांबरात दिसावा.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. गाडीची किंमत छापताना मूळ किंमत आणि कर वेगवेगळे छापावेत. आणि कंपनीने पाठवलेला तिरका, चकचकीत फोटो न छापता आपल्या छायाचित्रकाराने बाजूने, आडव्या उजेडात काढलेला छापावा.

वाद घालणाऱ्या वाचकांनाही निमंत्रण आहे. माझ्याकडे सध्या एका स्विफ्टचा डावा दरवाजा प्रायमर मारून ठेवला आहे, खालच्या कडेला एक लहर अजून शिल्लक आहे. संध्याकाळी सातनंतर मोठे दिवे बंद करून एकच ट्यूब लावतो. या, ती लहर कुठे आहे ते रेघेवरून शोधून दाखवतो, आणि फडकंही देतो हातावर घ्यायला.

आपला,
एक डेंटर
वागळे इस्टेट, ठाणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)