काट्यावर 250.0, लेबलवर 224.4 : तुमच्या नमुना प्रोग्रामबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विभाग

विषय : यूएसबी काट्यासोबत दिलेल्या सी भाषेतल्या लिनक्स प्रोग्राममधली चूक

महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या आईचा बचत गट सांगली जिल्ह्यात हळद दळून पाकिटं भरतो. गटाच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तुमच्या पाच किलोच्या काट्याच्या खोक्यावर 'लिनक्सवर चालतो' असं छापलंय, म्हणून दोन पैसे जास्त देऊन आम्ही तोच घेतला. काटा उत्तम आहे, हे आधी सांगते. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर दिसणारं वजन आजवर एकदाही चुकलेलं नाही. तक्रार आहे ती सोबतच्या प्रोग्रामची.

पहिल्याच दिवशी आम्ही पाव किलोची 180 पाकिटं भरली. काट्यावर 250.0 दिसत होतं आणि संगणकातून निघालेल्या लेबलवर 224.4. घाईत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुकानदाराने सगळा माल परत पाठवला आणि वर 'वजनात मारता का?' असं आईला ऐकवलं. पंधरा वर्षं बाजारात नाव राखलेल्या बाईला हे ऐकावं लागलं, म्हणून हे पत्र.

मी दोन रात्री बसून मापं ठेवून पाहिली. एक किलो बरोबर, दोन किलो बरोबर. पण 100, 200, 250 आणि 500 ग्रॅम या प्रत्येक वेळी बरोबर 25.6 ग्रॅम कमी. पाच किलो ठेवले तर उणे 1553.6! लहान मापांत तफावत नेहमी 25.6 येते हे पाहिल्यावर मला दोष कळला. तुमचा काटा यूएसबीच्या एचआयडी वर्गाचा, म्हणजे कीबोर्ड-माउसच्या वर्गाचा, आहे. दर वेळी तो सहा बाइट (बाइट म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा) पाठवतो : अहवालाचा क्रमांक, स्थिती, एकक, दहाचा घातांक आणि शेवटी दोन बाइटमध्ये वजन, लहान बाइट आधी. 250.0 ग्रॅम म्हणजे 2500, घातांक उणे एक, म्हणजे 2500 चा दहावा भाग. 2500 म्हणजे 9 गुणिले 256 अधिक 196, म्हणून लहान बाइट 196 येतो. तुमच्या प्रोग्राममध्ये हे बाइट साध्या 'कॅर'मध्ये, म्हणजे सी भाषेतल्या एका बाइटच्या जागेत, ठेवलेत. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर कॅर चिन्हासहित, म्हणजे उणे आकडेही धरणारा, असतो, त्यामुळे 127 च्या पुढचा बाइट उणे धरला जातो आणि वजनातून 256 दशांश ग्रॅम, म्हणजे 25.6 ग्रॅम, गळतात. पाच किलोला मोठा बाइटच उणे धरला जातो, म्हणून सगळा आकडा उणे येतो. एक आणि दोन किलोचे लहान बाइट 16 आणि 32 आहेत, म्हणून ती मापं सहीसलामत सुटतात. तुमच्याकडे तपासणी बहुधा एक-दोन किलोच्या मापांवरच झाली असावी. पाव किलोचं एक माप ठेवलं असतं तरी हे दिसलं असतं.

तोच प्रोग्राम मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवला. तिथे वजनाचे बाइट बरोबर आले, पण घातांक बिघडला. त्याच्या एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर साधा कॅर बिनचिन्हाचा असतो, त्यामुळे उणे एकचे 255 झाले आणि पाव किलोच्या जागी 259 अंकी आकडा उमटला. दुरुस्ती फार छोटी आहे : वजनाचे बाइट बिनचिन्हाच्या 'यूइंट8_टी'मध्ये आणि घातांक चिन्हासहित 'इंट8_टी'मध्ये ठेवायचा.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. स्थितीचा बाइट प्रोग्राम वाचतच नाही. 3 म्हणजे वजन अजून हलतंय, 4 म्हणजे स्थिरावलं. पाकीट ठेवताना हाताचा दाब पडला तरी तेवढ्यात आकडा नोंदला जातो. माल विकणाऱ्यासाठी हे धोक्याचं आहे.

हे सगळं मी तुमच्या मदत केंद्राला दोनदा कळवलं. पहिलं उत्तर आलं : 'सोबतचं कर्नल मॉड्यूल बसवा.' मॉड्यूल म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, जोडायचा तुकडा. ते जुन्या 4.x कर्नलसाठी बांधलेलं, सोर्स कोड न देता दिलेलं. आमच्या यंत्राने 'इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून ते नाकारलं. मुळात त्याची गरजच नाही. लिनक्सचा स्वतःचा एचआयडी ड्रायव्हर काटा ओळखतो आणि एचआयडीरॉ नावाची फाइल उघडून देतो. ती फाइल उघडून सहा बाइट वाचले की झालं. असा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधलं मॉड्यूल चुकलं तर भर बाजाराच्या दिवशी अख्खा संगणक थांबू शकतो. दुसरं उत्तर होतं : 'सुडोने चालवा.' म्हणजे हळद भरणाऱ्या बायकांच्या हातात रूटचे, संगणकावरचे सगळे, अधिकार का द्यायचे? यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांच्या फाइली सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) एका ओळीचा नियम करून त्या फाइलची परवानगी एका ग्रुपला दिली की काम भागतं. मी तो नियम लिहिला, गेले तीन आठवडे बिनतक्रार चालू आहे.

माझ्या मागण्या अशा. दुरुस्त प्रोग्राम आणि यूडेव्हचा नियम तुमच्या डाउनलोड पानावर ठेवा. ज्यांनी हा काटा लिनक्ससाठी घेतलाय त्या सगळ्यांना या चुकीबद्दल कळवा. आमच्यासारखे आणखी गट असतील आणि त्यांना हे माहीतही नसेल. मॉड्यूल द्यायचंच असेल तर त्याचा सोर्स कोड द्या. आणि 180 पाकिटांची लेबलं व परत आलेल्या मालाचं भाडं भरून द्या. पावत्या जोडल्या आहेत. काटा परत करायचा नाही, तो आम्हाला हवा आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवावी लागेल.

आपली ग्राहक,
बचत गटाचं संगणकाचं काम पाहणारी

सोबत : दुरुस्त केलेली सी फाइल, यूडेव्हचा नियम, मापांच्या नोंदी, दोन पावत्या