ग्राहकाला किंमत तरी कळू द्या

संपादक महोदय,

ॲपलचे ॲप स्टोअर बंदिस्त आहे, एवढ्यानेच स्पर्धा अन्याय्य ठरत नाही. आक्षेप आहे तो बाजाराचा मालकच आत दुकान थाटतो याला. संगीताच्या ॲपचे उदाहरण घ्या. ॲपमधून भरलेल्या वर्गणीवर पहिल्या वर्षी 30 टक्के आणि पुढे 15 टक्के कमिशन ॲपलला. म्हणजे शंभरातले तीस थेट प्रतिस्पर्ध्याच्या खिशात. ॲपलच्या स्वतःच्या संगीतसेवेवर हा भार नाही. त्यावर कडी म्हणजे, ‘आमच्या संकेतस्थळावर हीच वर्गणी स्वस्त आहे’ एवढे सांगायलाही ॲपमध्ये मनाई होती. याच मनाईबद्दल युरोपीय आयोगाने मार्च 2024 मध्ये 1.8 अब्ज युरोंहून अधिक दंड ठोठावला, आणि ते योग्यच झाले. ॲपल पुढे करते तो सुरक्षेचा मुद्दा ॲपच्या तपासणीपुरता मान्य. किंमत लपवून कोणाचाही फोन सुरक्षित होत नाही.

नियामकांनी मात्र बाहेरच्या संकेतस्थळाच्या दुव्यावरची (लिंकवरची) बंदी उठवून थांबू नये. अमेरिकेत जानेवारी 2024 मध्ये बाहेरच्या दुव्याला परवानगी मिळाली, पण त्या खरेदीवरही 27 टक्के कमिशन लावले गेले. त्यात कार्ड कंपनीचे शुल्क मिळवले की ॲप बनवणाऱ्याची बचत जवळपास शून्य होती. असा दुवा कोण लावणार होता?

– एक वाचक